आकाशातला डोळा आणि बांधावरचा माणूस



उपग्रहावरून ऊसनोंद, उपग्रहावरून तोडणी कार्यक्रम आणि आता उपग्रहावरून पूर-भूकंपाची वर्दी, अशा गोष्टी हल्ली वरचेवर कानांवर येतात. संगणकाला शिकवून तयार केले की तो माणसाच्या आधी संकट ओळखतो, असेही सांगितले जाते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या कारखान्यापुढेही हा विषय येईल अशी चर्चा आहे. विषय आला की सभेत दोन तट पडणार हे ठरलेलेच. एक म्हणणार, "घ्या, जग कुठल्या कुठं गेलं." दुसरा म्हणणार, "आधी उसाचं बिल वेळेवर द्या, मग आकाशात बघा." दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण मत देण्यापूर्वी हे शास्त्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे सभासदाने समजून घेतले पाहिजे. त्यासाठी मी आपल्याला थोडे दूर, पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीला नेणार आहे.

कुणी म्हणेल, डहाणू-तलासरी कुठे आणि आपण कृष्णा-वारणा काठचे ऊसवाले कुठे! पण कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवला आहे, त्यांना ती जमीन परकी वाटू नये. काळा पाषाण तिथेही आहे आणि इथेही.

डहाणू आणि तलासरी हे गुजरातच्या हद्दीला लागलेले तालुके. किनाऱ्याला घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराकडे वारली व इतर आदिवासी समाजाचे पाडे. पावसाळी भात झाले की पुष्कळ कुटुंबे कामधंद्यासाठी बाहेर पडतात. या भागात नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हादरू लागली. एक धक्का बसला आणि संपले असे झाले नाही. आज एक, उद्या चार, मग आठवडाभर शांत, पुन्हा एका रात्रीत पाच-सहा. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावे वर्तमानपत्रांत रोज येऊ लागली. धक्के उथळ असल्यामुळे जमिनीतून गडगडाटासारखा आवाज येई. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. त्याच वर्षी जुलैमध्ये घर कोसळून एक जण गेला. थंडीच्या दिवसांत माणसे घर असून तंबूत नाही तर अंगणात झोपली. पुढेही ही मालिका कमी-जास्त प्रमाणात चालू राहिली.

आता शास्त्राने काय केले ते पाहू. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी त्या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली. माणसाला जाणवलेले धक्के थोडे, पण यंत्रांनी हजारो टिपले. एवढ्या नोंदी माणसाने डोळ्यांनी वाचायच्या म्हणजे महिने जातात. लहान धक्क्याची रेघ आणि महामार्गावरच्या मालमोटारीच्या थरथरीची रेघ दिसायला सारखीच. इथे संगणकाचे शिक्षण उपयोगी पडते.

हे शिक्षण म्हणजे जादू नव्हे. आपला मुरलेला शेतकी अधिकारी बांधावर उभा राहून प्लॉटकडे नजर टाकतो आणि सांगतो, "पंचावन्न टन पडेल." हे तो पुस्तकात शिकलेला नाही. हजारो प्लॉट पाहिले आणि प्रत्येकाचा वजनकाट्यावरचा आकडा पुढे कळत गेला, त्यातून नजर तयार झाली. संगणकालाही तसेच करतात. "हा भूकंप, ही मालमोटार" असे सांगून हजारो नमुने दाखवतात. मग नवी रेघ आली की तो ओळखतो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २००८ ते २०१७ या दहा वर्षांच्या नोंदी संगणकाने पुन्हा चाळल्या. माहीत असलेल्या भूकंपाच्या रेघेशी जुळणारी रेघ शोधायची, असे ते काम होते. १८ लाखांवर भूकंप सापडले, पूर्वीच्या यादीच्या जवळजवळ दसपट. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान धक्के सापडले की जमिनीखालची भेग कुठून कशी जाते याचा नकाशा स्पष्ट होतो. त्याचा हा उपयोग.

दुसरे साधन रडार उपग्रहाचे. हा उपग्रह जमिनीकडे लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरी मोजतो. त्याच जागेवरून बारा दिवसांनी पुन्हा गेला की आधीची आणि नंतरची लहर जुळवून पाहतात. मधल्या काळात जमीन बोटभर वर-खाली झाली असली तरी लहरीत फरक पडतो. सातशे किलोमीटर उंचीवरून बोटभर हालचाल कळते, ही थोर गोष्ट आहे. युरोपचा सेंटिनेल-१ हे काम २०१४ पासून करतो आहे आणि त्याची माहिती सर्वांना मोफत मिळते. डहाणू-तलासरीच्या जमिनीचा अभ्यास शास्त्रज्ञांनी अशा प्रतिमांवरूनही केला आहे. पावसाचे पाणी भेगांत मुरून धक्के बसतात का, यावरही अभ्यास झाले आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह सुटला. त्याची एक लहर लांब, सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. आपल्या उसाशी तिचा संबंध आहे, तो पुढे सांगतो.

हे सर्व झाले. पण धुंदलवाडीच्या माणसाचा प्रश्न काय होता? "मोठा कधी येणार, आणि आज रात्री घरात झोपू का?" याचे उत्तर कोणत्याही उपग्रहाजवळ नव्हते, आजही नाही. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारे शास्त्र जगात कुठेही नाही. कुणी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

अशा मालिकेचे पुढे काय होते, याचेही एक उत्तर नाही. किल्लारीला १९९२ साली लहान धक्के बसले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ साली धक्के बसले, लोक घाबरले, पण पुढे ते ओसरले. इटलीत लाक्विला गावी महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. काळजी करू नका, असा दिलासा लोकांना दिला गेला आणि ६ एप्रिल २००९ ला मोठा भूकंप होऊन तीनशेवर माणसे गेली. तज्ज्ञांवर खटला चालला. २०१२ साली सात जणांना शिक्षा झाली आणि पुढे अपिलात त्यांतले सहा सुटले. यातून घ्यायचे ते एवढेच की खोटी भीती घालू नये आणि खोटा धीरही देऊ नये.

मोबाईलवर भूकंपाचा इशारा येतो म्हणतात, तेही समजून घ्यावे. भूकंपाच्या दोन लहरी असतात. पुढची वेगाने येते पण हलकी असते, मागची सावकाश येते आणि तीच घर पाडते. पहिली टिपून दुसरी पोहोचण्यापूर्वी इशारा द्यायचा, अशी ही युक्ती आहे. शंभर किलोमीटरवर भूकंप झाला तर दहा-बारा सेकंद मिळू शकतात. पण भूकंप पायाखाली दहा किलोमीटरवर असेल तर एक-दीड सेकंद. तेवढ्यात उंबरासुद्धा ओलांडून होत नाही. म्हणजे डहाणू-तलासरीत खरे रक्षण इशाऱ्याचे नव्हते, ते घराच्या भिंतीचे होते. कुडाचे हलके घर हलते पण माणसाला सहसा मारत नाही. कच्च्या जोडकामाची, पट्टा न घातलेली विटांची भिंत मारते. किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने माणसे मारली. धोका कुठे आहे हे यंत्राने दाखवले, तर पुढचा खर्च घर बांधून देण्यावर व्हायला हवा. नुसती यंत्रे वाढवून पाड्यावरच्या माणसाची झोप परत येत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. आपला वैरी भूकंपापेक्षा पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४३ फुटांची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग. आडसाली ऊस तोडीच्या तोंडावर आलेला, त्याच्या पोंग्यात गाळ बसला, शेंडे कुजले, कांडीवरचे डोळे फुटले, उतारा घसरला. असा ऊस आधी तोडला तर काही हाती लागते, नंबर लागेपर्यंत थांबला तर सरपण होते. म्हणून कोणाच्या प्लॉटमध्ये किती दिवस किती पाणी होते हे लवकर कळणे, ही आपल्यासाठी पैशाची गोष्ट आहे.

इथे उपग्रह खरोखर कामाचा आहे. पुराच्या दिवसांत आभाळ भरलेले असते, साधा कॅमेरा आंधळा होतो. रडारला ढग आणि रात्र यांची अडचण नाही. शांत पाणी आरशासारखे असल्याने लहर दुसरीकडे परतते आणि प्रतिमेत पाणी काळे दिसते. संगणकाला "काळे म्हणजे पाणी" असे शिकवले की तालुक्याचा पूरनकाशा थोड्या वेळात तयार. तलाठी आणि ग्रामसेवक होडीत बसून जे आठ दिवसांत करतील ते काही तासांत. याला नाही म्हणण्यात शहाणपण नाही.

पण सभासदांनो, उसाची एक गोम आहे. बारा-तेरा महिन्यांचा आडसाली ऊस माणसापेक्षा कितीतरी उंच असतो. त्याच्या बुडात पाच फूट पाणी असले तरी वर हिरवे पानच दिसते. सेंटिनेलची लहर आखूड, साडेपाच सेंटिमीटरची. ती पाल्यातच अडकते. जी थोडी खाली जाते ती पाण्यावर आपटून उसाच्या कांड्यावर आदळते आणि तशीच उपग्रहाकडे परतते. म्हणजे तिथे प्रतिमा काळी न होता उलट उजळ होऊ शकते. "काळे म्हणजे पाणी" एवढेच शिकलेला संगणक अशा प्लॉटला खुशाल कोरडा ठरवील. शेजारचा सोयाबीनवाला पूरग्रस्त, आणि ज्याचा ऊस आठ दिवस पाण्यात उभा होता तो यादीबाहेर! निसारची लांब लहर पाल्यातून अधिक खोल जाते, म्हणून तिच्याकडून आशा आहे. पण तिलाही शिकवावे लागेल, आणि शिकवायला उसाच्या बुडात किती पाणी होते याची प्रत्यक्ष नोंद लागेल. ती नोंद बांधावरच्या माणसाशिवाय कोण देणार?

दुसरी गोष्ट वेळेची. उपग्रह त्याच्या फेरीप्रमाणे येतो, नदी तिच्या मर्जीप्रमाणे. पाणी मंगळवारी चढले, गुरुवारी उतरले आणि उपग्रह शनिवारी आला, तर प्रतिमेत पूरच नाही. उसाचे नुकसान मात्र झालेले आहे.

तिसरी गोष्ट अशी की संगणकाला जे दाखवले नाही ते त्याला दिसत नाही, आणि यादीचेही तसेच असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे गेली. उपग्रह तेव्हाही आकाशात होते. पण गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आली ती नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. रोज त्या वाटेने जाणाऱ्याला काय नाहीसे झाले ते कळते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे. कारखान्याने उपग्रहाची माहिती जरूर वापरावी, पण चार अटी घालून.

पहिली अट. कोणत्याही सभासदाचा पूरबाधित उसाचा दावा केवळ उपग्रहाच्या नकाशावरून नाकारता कामा नये. नकाशात पाणी दिसले तर ती साक्ष धरावी. दिसले नाही तर चिटबॉयने प्रत्यक्ष प्लॉटवर जाऊन पाहावे. हो म्हणायला यंत्र पुरे, नाही म्हणायला माणूस हवा.

दुसरी अट. नकाशावरून केलेली यादी गटनंबरासह गट ऑफिसच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीत मराठीत लागली पाहिजे, आणि हरकतीसाठी निदान आठ दिवस मिळाले पाहिजेत. शेतकी खात्याच्या संगणकात राहिलेली यादी सभासदाच्या उपयोगाची नाही. आपल्या शेताची ही माहिती कारखान्याने सभासदांना न विचारता कोणत्याही कंपनीला, बँकेला वा विमेवाल्याला देऊ नये.

तिसरी अट. पूर ओसरताच प्रत्येक गटात चिटबॉयने प्लॉटवार साधी नोंद करावी. पाणी किती फूट, किती दिवस, पोंग्यात गाळ आहे की नाही, डोळे फुटले की नाही. उसाच्या कांड्यावर गाळाची रेघ राहते, ती मोजायला पट्टी पुरते. या नोंदीवरूनच संगणकाची नजर आपल्या उसाला सरावेल. आणि या नोंदीवरूनच तोडणीचा क्रम ठरावा, म्हणजे बुडालेल्या उसाला आधी टोळी मिळेल आणि वशिल्याचा ऊस पुढे सरकणार नाही. खरे सांगायचे तर या अटीचा निम्मा फायदा उपग्रहाविनाही आहे.

चौथी अट इशाऱ्याची. पुरात वीज जाते, मनोरे बंद पडतात, मोबाईल मुका होतो. आपल्या कारखान्याचा भोंगा मात्र पंचक्रोशीत ऐकू येतो. नदीची पातळी इशाऱ्याच्या खुणेला पोचली की एक प्रकारे आणि धोक्याच्या खुणेला पोचली की दुसऱ्या प्रकारे भोंगा वाजवावा, आणि त्याचा अर्थ शाळेच्या मुलांपासून सर्वांना पावसाळ्यापूर्वी शिकवावा. जनावरे कुठे न्यायची, ट्रॅक्टर कुणाचा, हे आधी ठरलेले असावे. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. पाणी चढत असल्याचे सगळ्यांनाच माहीत होते. कमी पडले ते वेळेवर निघणे आणि धड साधन.

आता पैशाचे. नव्या गोष्टीचे नाव निघाले की सभासदाला टनामागच्या कपातीची धास्ती वाटते, आणि ती गैर नाही. माझे म्हणणे असे की आज कोणतीही नवी कपात नको. सेंटिनेलची प्रतिमा मोफत आहे. आपल्या देशाच्या भुवन या व्यवस्थेवर पुराचे नकाशे पाहता येतात. माल फुकट आहे, मजुरी तेवढी द्यायची. प्रतिमा वाचणारे एक-दोन शिकलेले तरुण ठेवावेत, आणि ते आपल्या सभासदांच्याच घरातले मिळतील. नदी कारखान्याचे कार्यक्षेत्र पाहून वाहत नाही, तेव्हा काठावरच्या चार-पाच कारखान्यांनी हा खर्च वाटून घ्यावा. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने उसात उपग्रह आणि संगणकाचा प्रयोग शेतकऱ्यांना घेऊन केलेला आहे, तो जाऊन पाहावा. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतल्या या तंत्रासाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर केले आहे. त्यातले काही पूरपट्ट्यातल्या उसासाठी मागायला संचालक मंडळाने आणि आपल्या प्रतिनिधींनी कमी पडू नये. एवढे करून एक पावसाळा अनुभव घ्यावा, आणि मगच कंपनीच्या कराराचा विचार करावा.

सहकाराची सुरुवात एका साध्या अनुभवातून झाली. एकट्या शेतकऱ्याचा काटा व्यापारी मारतो, पण सगळ्यांचा मिळून काटा असला तर तो मारता येत नाही. उपग्रहाची माहिती हा नव्या काळचा काटाच आहे. तो दुसऱ्याच्या हातात राहिला तर आपल्या उसाला पाणी लागले की नाही हे तो ठरवील आणि आपण ऐकत बसू. तो आपल्या हातात आला, आपल्या नोंदीने तपासला गेला, तर पुरानंतर पहिली टोळी कोणाच्या फडात जायची हे न्यायाने ठरेल.

तेव्हा सभेला या. विषय वाचला जाताच "मंजूर, मंजूर" म्हणून हात वर करू नका आणि "नामंजूर" म्हणून उठूनही जाऊ नका. या चार अटी मांडा, वाटल्यास पाचवी घाला आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

जय सहकार!

— एक ऊस-उत्पादक सभासद